डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल

पावसाळा लागला म्हणजे आमच्या खाडीकाठच्या मंडळ्यांत कातडीची दुखणी वाढतात, हे प्रत्येक उपदेशक बंधूस ठाऊक आहे. ज्या जमिनीवर १९७० नंतर नवी मुंबईच्या इमारती उभ्या राहिल्या, ती जमीन त्यापूर्वी बहुतेक भातखाचरांची व मिठागरांची होती. आणि तिच्या कडेस पनवेल-उरणच्या बाजूला अद्यापि पुष्कळ घरी भाताची लावणी होते. दिवसभर चिखलात उभे राहिल्याने पायांच्या बोटांत चिखल्या होतात, ओल्या वस्त्रांमुळे कमरेस नायटा धरतो, लेकरांस खरूज होते. ह्यांवर आमच्या घरच्या बाया करंजाचे तेल लावितात, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंग धुतात, टाकळ्याचे बी वाटून नायट्यावर चोळतात. हे उपाय वाडवडिलांपासून चालत आले आहेत, आणि त्यांत काही गुण आहे हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु काही वर्षांपूर्वी आम्ही जे पाहिले, त्यामुळे ह्या विषयाकडे आम्हांस अधिक काळजीने पाहावे लागले. पनवेलच्या बाजूस एका वाडीत आम्ही प्रार्थनेसाठी गेलो असता एका बहिणीच्या हातावर मोठा फोड दिसला. चुलीवरील तापलेले भांडे हातास लागले होते. परंतु चटका बसल्याचे तिला कळलेच नव्हते. त्याच जागी कातडीवर फिकट चट्टा होता. तो नायटा आहे असे समजून ती बाजारात घेतलेले एक झाडपाल्याचे तेल दोन पावसाळे त्यावर चोळीत होती. तेल कशाचे, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. कातडीचा कोणताही रोग त्याने जातो, एवढेच सांगितले होते. सरकारी आरोग्य केंद्रात नेल्यावर तो कुष्ठरोग आहे असे ठरले. औषध मिळाले व रोग गेला. तथापि दोन वर्षे फुकट गेल्याने तिची दोन बोटे वाकली, ती वाकडीच राहिली.

झाडाच्या अंगी गुण असतो, हे खरे. मग त्या गुणाचा उपयोग मनुष्याने कोणत्या रीतीने करावा म्हणजे त्यापासून हित होईल व घात होणार नाही? ह्या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस एका थोर पुरुषाचे चरित्र आठवते. त्यांनी जे केले त्यापासून आम्ही शिकतो, आणि जे करावयाचे राहिले त्यापासूनही शिकतो. ते पुरुष म्हणजे मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड.

बालपण व शिक्षण

भाऊ दाजी ह्यांचा जन्म १८२२ च्या सुमारास गोमंतकाच्या उत्तर टोकास, पेडणे महालातील एका खेड्यात, सारस्वत ब्राह्मण घराण्यात झाला. घरची स्थिती गरिबीची होती. मुलगा बुद्धिबळाच्या खेळात फार हुशार असे. त्याची हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या दृष्टीस पडली, व मुलास मुंबईस नेऊन इंग्रजी विद्या शिकवावी असे त्याने बापाच्या मनात भरविले. अशा रीतीने गोव्याच्या खेड्यातील हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात आला. एखाद्या मुलाचा गुण वेळेवर कोणाच्या नजरेस येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे आमच्या शाळामास्तरांनी लक्षात ठेवावे.

विद्यालयात त्यांनी उत्तम प्रगती केली व पुढे तेथेच ते शिक्षक झाले. त्या काळी कच्छ व काठेवाड प्रांतांतील काही घराण्यांत मुलगी जन्मली असता तिला मारून टाकण्याची दुष्ट चाल होती. तीविरुद्ध निबंध लिहिणारास सरकारने बक्षीस लाविले होते. ते बक्षीस भाऊ दाजींनी मिळविले. ज्यांचा कैवार घेणारे कोणी नाही त्यांच्या बाजूस उभे राहण्याचा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनच दिसून येतो.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची जागा सोडून भाऊ दाजी तेथे विद्यार्थी म्हणून गेले, आणि १८५१ साली त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झालेले डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे त्याच तुकडीतले. ह्या तरुणांस मुडद्याची चिरफाड करून शरीराची रचना पाहणे, रोग्याच्या खाटेजवळ बसून दुखण्याचा क्रम लिहून ठेवणे व औषधाचा परिणाम मोजणे, ही नवी विद्या शिकविण्यात आली होती.

दोन विद्यांचा संगम

पदवी घेतल्यावर भाऊ दाजींनी मुंबईत धंदा मांडिला व थोड्याच काळात त्यांची कीर्ती झाली. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघां भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांकडून मिळालेल्या पैशाने गरिबांची सेवा व्हावी अशी ही व्यवस्था होती.

परंतु भाऊ दाजींचे वैशिष्ट्य ह्याहून वेगळे आहे. इंग्रजी वैद्यक शिकलेल्या कित्येकांस जुने देशी वैद्यक केवळ अडाणीपणाचे वाटे. आणि जुन्या वैद्यांस नवी विद्या परकी वाटे. भाऊ दाजी ह्या दोहोंच्या मध्ये उभे राहिले. ते संस्कृत उत्तम जाणत असत. त्यांनी जुने वैद्यकग्रंथ वाचिले, व ज्या वनस्पतींस पूर्वजांनी मोठे गुण जोडिले आहेत त्यांपैकी कोणत्या खरोखर गुणकारी आहेत हे रोग्यांवर पाहण्यास आरंभ केला. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती खरी मानावी असे त्यांनी केले नाही, किंवा जुनी आहे म्हणून ती टाकूनही दिली नाही. ती पारखून पाहावी, हा त्यांचा मार्ग होता.

रोग आणि झाड

त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर कुष्ठरोगाने झडलेले अनाथ लोक जागोजाग दिसत. ह्या रोगास लोक महारोग म्हणत. तो दैवी कोपाने होतो अशी समजूत असल्यामुळे रोग्यास घरातून काढून देत. इंग्रज डॉक्टरांसही त्याचे कारण ठाऊक नव्हते. १८६७ साली लंडनच्या वैद्यांच्या मोठ्या मंडळाने चौकशी करून हा रोग संसर्गाने पसरत नाही असा निर्णय दिला होता. तो पुढे चुकीचा ठरला. कारण ठाऊक नाही व उपाय हाती नाही, अशा स्थितीत भाऊ दाजींनी ह्या रोगाकडे लक्ष दिले.

त्यांनी ज्या औषधाची परीक्षा केली, ते आमच्याच कोकणपट्टीतील एका झाडाचे आहे. सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्याकाठच्या दाट रानात, कोकणापासून केरळापर्यंत हे झाड होते. मराठीत त्यास कडू कवठ किंवा कवटी म्हणतात, आणि दक्षिण कोकणात त्याच्या तेलास कष्टेल असेही नाव आहे. फळ कवठासारखे वाटोळे, जाड सालीचे असते. आत गरामध्ये पुष्कळ कोनेदार बिया असतात. हे फळ मासे गुंगविण्यासाठी पाण्यात टाकितात, आणि त्या योगे धरलेला मासा खाणारास ओकारी होते असा अनुभव आहे. बिया फोडून आतील मगजाचे तेल काढितात. थंडीत ते तुपासारखे थिजते. चव अशी की घोट घेताच पोट ढवळून येते.

सुश्रुताच्या संस्कृत ग्रंथात तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या तीरी, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने हलणाऱ्या ह्या झाडांची पिकलेली फळे पावसाळ्याच्या आरंभी गोळा करावी, मगज काढून त्याचे तेल करावे व ते कुष्ठावर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. आजचे जाणते लोक तुवरक म्हणजे हेच कडू कवठ असे मानितात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. जुन्या ग्रंथांत कुष्ठ हा शब्द एकाच रोगास लाविलेला नाही. त्यांत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे, मिळून अठरा प्रकार सांगितले आहेत, आणि नायट्यासारखे साधे रोगही त्यांतच मोडतात. म्हणून एखाद्या तेलाने कुष्ठ बरे झाले असे कोणी म्हटले, तर कोणते कुष्ठ, हा प्रश्न पहिल्याने विचारावा लागतो. नायटा बरा करणारे तेल महारोग बरा करील असे नाही. आमच्या त्या बहिणीचा घात ह्याच घोटाळ्यामुळे झाला.

कीर्तीचे दिवस

भाऊ दाजी हे केवळ वैद्य नव्हते. १८५२ साली मुंबईतील नामदार जगन्नाथ शंकरशेट व इतर पुढाऱ्यांनी बॉम्बे असोसिएशन ही सभा स्थापिली, तेव्हा तिच्या चिटणीसाचे काम त्यांनी केले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या सभासदांत ते होते. मुलींना विद्या मिळावी म्हणून त्यांनी फार खटपट केली. त्यांच्या मित्रांनी पैसा जमवून त्यांच्या नावाने एक मुलींची शाळा चालविली. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी ज्यांनी श्रम केले त्यांत ते प्रमुख होते. हे संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले, व १९७५ पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जुने शिलालेख व नाणी ह्यांचा त्यांस मोठा नाद होता. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख व गिरनारच्या खडकावरील रुद्रदामन राजाचा लेख त्यांनी अभ्यासिले, आणि त्यांवरील निबंधांमुळे युरोपातील विद्वानही त्यांस मानू लागले. १८६९ व १८७१ अशा दोन वेळी मुंबईच्या शेरीफाचा मान त्यांस मिळाला.

त्यांचे धैर्य एका प्रसंगी विशेष दिसून आले. १८६२ साली मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयात एक मोठा खटला चालला. वैष्णव पंथाच्या एका महाराजांच्या अनाचाराविषयी करसनदास मुळजी ह्या गुजराती सुधारकाने वर्तमानपत्रात लिहिले होते, म्हणून महाराजांनी त्यांजवर अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. महाराजांचे भक्त श्रीमंत व बलवान होते. तरी भाऊ दाजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, आणि वैद्य ह्या नात्याने त्यांस जे ठाऊक होते ते त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. करसनदास निर्दोष ठरले. श्रीमंत रोग्यांची मर्जी जाईल ह्या भयाने भाऊ दाजींनी तोंड मिटून घेतले नाही.

त्यांजवर संकटेही आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाचा भाव अतोनात चढला व शहरभर भागभांडवलाच्या सट्ट्याचे वेड पसरले. १८६५ साली युद्ध संपताच तो फुगा फुटला. त्यात जी पुष्कळ घरे बुडाली त्यांत भाऊ दाजींचेही फार मोठे नुकसान झाले. एवढा शहाणा पुरुष, परंतु सट्ट्याच्या लाटेपुढे तोही टिकला नाही. तथापि त्यांनी रोग्यांची सेवा व विद्येचा अभ्यास सोडिला नाही.

औषधाचे गुपित

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र आम्ही लिहावयास घेतले, तिच्याकडे वळतो.

भाऊ दाजींच्या औषधाने कुष्ठरोग्यांस गुण येतो अशी वार्ता पसरली, व दूरदूरचे रोगी त्यांजकडे येऊ लागले. परंतु औषध कशाचे आहे हे त्यांनी उघड केले नाही. ह्यावरून त्यांजवर टीका झाली. टीका करणारांचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. औषध गुप्त ठेवणे ही वैदू-हकिमांची जुनी रीत. बाप मरताना मुलाच्या कानात मुळीचे नाव सांगे, आणि मुलगा नसल्यास ती विद्या त्याच्याबरोबर जाई. ही रीत मोडावी, औषध सर्वांपुढे मांडावे, दुसऱ्यांनी ते देऊन पाहावे व खरे-खोटे ठरावे, हाच तर नव्या वैद्यकाचा पाया. त्या विद्येच्या पहिल्याच तुकडीतील पुरुषाने असे करावे ह्याचे लोकांस आश्चर्य वाटले. न्यायालयात ज्यांनी काही लपविले नाही, त्यांनी दवाखान्यात हे एक नाव मात्र झाकून ठेविले.

आम्ही त्यांच्या मनाचे न्यायाधीश नव्हे. कच्चे फळ बाजारात नेऊ नये, तसे अर्धवट पारखलेले औषध जगापुढे मांडू नये, हाही एक विचार असतो. नाव कळताच बाजारात भलतीच तेले ह्या नावाने विकली जातात, हेही खोटे नाही. परंतु मनुष्याचे आयुष्य त्याच्या हाती नसते. ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी मुंबईत मरण पावले, तेव्हा त्यांचे वय सुमारे ५२ वर्षांचे होते. कोणत्या रोग्यास किती तेल दिले, किती दिवस दिले, कोणास गुण आला व कोणास आला नाही, ह्याचा त्यांच्या हातचा पुरा वृत्तान्त प्रसिद्ध व्हावयाचा राहून गेला. पुढे मुंबईतील वनौषधींचे मोठे जाणकार विल्यम डिमॉक ह्यांनी आपल्या ग्रंथात कडू कवठाची माहिती दिली, तेव्हा भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर वापरलेले तेल ते हेच, अशी नोंद झाली. नाव राहिले, परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवाचा जो हिशेब नव्या डॉक्टरांस उपयोगी पडावयाचा, तो त्यांच्या हाती आला नाही.

उघड्यावर आलेले तेल

ह्याच्या उलट दुसरीकडे काय घडले ते पाहा. कडू कवठाच्या जातीचे दुसरे एक झाड ईशान्येकडील डोंगरांत व ब्रह्मदेशात होते. त्याच्या तेलास चौलमुग्रा म्हणतात. १८५४ साली कलकत्त्याच्या डॉक्टर मौअट ह्यांनी त्याविषयीचा आपला अनुभव छापून प्रसिद्ध केला. तो वाचून इतरांनी ते दिले, त्यातील दोष दाखविले, सुधारणा सुचविल्या. तेल पोटात टिकत नाही, ओकारी होते, हा मोठा दोष होता. म्हणून ते सुईने टोचावे असे ठरले. परंतु जाड तेल टोचल्याने गळवे होत. तेव्हा हवाई बेटातील ॲलिस बॉल नावाच्या एका तरुण काळ्या अमेरिकन बाईने १९१५ च्या सुमारास ह्या तेलाचे असे पातळ रूप तयार केले की ते शरीरात सहज मुरावे. १९१६ साली, अवघ्या २४ व्या वर्षी ती मरण पावली. तिचे काम तिच्या वरिष्ठाने आपल्या नावाने छापिले, आणि तिला तिचा मान फार वर्षांनी मिळाला. एकाने ज्ञान झाकिले व दुसऱ्याने कर्त्याचे नाव झाकिले. हे दोन्ही अन्याय आम्हांस टाळावयाचे आहेत.

पुढे हिंदुस्थानात ह्या कामासाठी आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडू कवठाचेच तेल अधिक पसंत केले गेले, कारण ते ताजे व शुद्ध मिळत असे. ज्या वर्षी भाऊ दाजी वारले, त्याच १८७४ साली वेलस्ली बेली ह्यांनी आयर्लंडात कुष्ठरोग्यांसाठी मिशन स्थापिले. त्या व इतर मिशनांच्या आश्रमांत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात हजारो रोग्यांनी ही तेलाची सुई घेतली. निजामाच्या राज्यात डिचपल्ली येथे डॉक्टर इझाबेल कर ह्या मिशनरी बाईंनी ह्याच उपचाराने मोठे काम उभे केले. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ ह्यांनी १८९० साली माटुंग्याच्या बाजूस बेघर रोग्यांसाठी आश्रम काढिला. तो आज वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून प्रसिद्ध आहे. आमचे जुने पोवाडे गोळा करून छापविणारे ॲकवर्थसाहेब ते हेच.

तेलाने गुण येत असे काय? रोगाच्या आरंभी काहींचे चट्टे फिके होत, काहींच्या गाठी बसत. परंतु पुष्कळांस रोग पुन्हा उलटे. हे सत्य कळले तेही मोजमाप उघड ठेविल्यामुळेच. रोगाचे खरे कारण भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८७३ साली, नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सेन ह्यांस सापडले होते: तो एक सूक्ष्म जंतू आहे. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे सल्फोन जातीचे औषध रोग्यांस देण्यात आले, आणि मद्रासेजवळ चिंगलपट येथे डॉक्टर कॉक्रेन ह्यांनी त्याच जातीचे डॅप्सोन वापरण्यास आरंभ केला. त्यापुढे तेलाची सुई मागे पडली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि आज कुष्ठरोग त्याच गोळ्यांनी बरा होतो.

म्हणून कडू कवठाचे तेल व्यर्थ होते असे म्हणणे बरोबर नाही. जेव्हा दुसरे काहीच नव्हते, तेव्हा त्याने रोग्यास आशा दिली, व त्याच्या निमित्ताने डॉक्टर रोग्याजवळ बसू लागला. परंतु जे काम आज गोळ्या करितात ते तेल करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

आम्हांस बोध

भाऊ दाजींच्या हयातीतच, १८७२ साली, खाडीच्या पलीकडे पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक ह्यांनी धूतपापेश्वर हा देशी औषधांचा कारखाना काढिला. पनवेलजवळ नेरे गावी शांतिवन येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम उभे राहिले. तेव्हा झाडाचे औषध व हा रोग, दोन्ही आमच्या दाराशीच आहेत. म्हणून आमच्या मंडळ्यांतील उपदेशक बंधूंस व घरोघरीच्या मातांस आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली ही की, ज्या तेलात काय आहे हे विकणारा सांगत नाही ते घेऊ नये. भाऊ दाजींसारख्या विद्वानाच्या गुप्त औषधावरही लोकांनी प्रश्न केला, आणि तो योग्य होता. मग बाजारातील अनोळखी बाटलीवर प्रश्न का करू नये? आणि तुमच्यापैकी कोणास एखाद्या पाल्याचा गुण ठाऊक असेल, तर तो झाकून ठेवू नये. डॉक्टरास किंवा जाणत्या वैद्यास दाखवावा, म्हणजे खरा असल्यास तो सर्वांच्या कामी येईल.

दुसरी ही की, चिखल्या व नायटा होऊ नये म्हणून शेतातून येताच पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या व ओले वस्त्र बदलावे. खरूज झाल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे. नायटा पसरत गेल्यास डॉक्टरास दाखवावे. दुकानातून मनाने आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते, त्याने खाज थांबते परंतु नायटा आतून वाढतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची ही की, कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तेथे बधिरपणा असेल, ऊन-गार कळत नसेल, तर त्यावर कोणतेही तेल चोळीत बसू नये. त्याच आठवड्यात सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तेथे तपासणी व गोळ्या फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे त्या ६ किंवा १२ महिने घ्याव्या लागतात. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या मनुष्यापासून दुसऱ्यास रोग लागण्याचे भय राहत नाही. घरातील इतरांनीही तपासून घ्यावे. रोग होऊ नये म्हणून त्यांस रिफाम्पिसिन औषधाची एक मात्रा देतात. हा रोग राष्ट्रापुढील मोठे संकट राहिला नाही असे सरकारने २००५ च्या अखेरीस ठरविले. परंतु रोग नाहीसा झालेला नाही, आणि विलंबाने वाकलेली बोटे केवळ गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

चौथी गोष्ट रोग्याविषयी. भाऊ दाजींच्या काळी रोग कसा होतो हे ठाऊक नव्हते, तरी त्यांनी कुष्ठरोग्यास दूर लोटिले नाही. आमच्या प्रभूनेही अशा मनुष्यास हात लावून बरे केले, हे आमच्या लेकरांसही ठाऊक आहे. आज रोगाचे कारण व उपाय दोन्ही हाती असताना कोणी रोग्यास पंगतीतून उठवील, किंवा लाजेमुळे कोणी आपला चट्टा पदराखाली झाकील, तर आम्ही त्या काळाच्याही मागे गेलो असे होईल. औषध लपविणे व रोग लपविणे, ह्या दोहोंचा परिणाम एकच: जे आज बरे झाले असते ते उद्यावर जाते, आणि उद्या उशीर झालेला असतो.

भाऊ दाजींचे नाव आज भायखळ्याच्या भव्य इमारतीवर आहे. मुंबईस गेलात तर ती इमारत अवश्य पाहा, आणि गोव्याच्या खेड्यातून आलेल्या त्या मुलाची आठवण करा. कोकणच्या रानात कडू कवठाचे झाड दिसले तर त्याचीही ओळख मुलांस करून द्या. आणि घरी परत आल्यावर आपल्या माणसांच्या अंगावरील चट्टे एकदा उजेडात पाहून घ्या. आमच्या त्या बहिणीने आता आपल्या वाडीत हेच काम हाती घेतले आहे. दर महिन्यास ती शेजारणींचे हात-पाय पाहते, व शंका आली की स्वतः त्यांस आरोग्य केंद्रात घेऊन जाते. तिची बोटे वाकडी आहेत, म्हणूनच तिचे म्हणणे बाया ऐकतात.